स्क्रीन नेमकी कधी अडते?

गाडीतली स्क्रीन त्रास देऊ लागली की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: "सिस्टीम हँग होते." सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवरही तेच उतरतं. तंत्रज्ञ गाडी चालू करतो तेव्हा नेमकी स्क्रीन सुरळीत असते आणि संध्याकाळी गाडी "तक्रार आढळली नाही" असा शेरा घेऊन घरी येते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. यात तंत्रज्ञाला दोष देण्यात अर्थ नाही. कधीतरी, कुठेतरी, थोडाच वेळ अडणाऱ्या यंत्राबद्दल एवढंच सांगितलं तर त्याने शोध घ्यायचा तरी कुठून?

म्हणून या प्रकरणात माझा एकच आग्रह आहे. काय बिघडलं हे शोधण्याआधी कधी बिघडतं ते शोधा. सकाळी पहिल्या स्टार्टला? उन्हात उभी केल्यावर? ठरावीक फोन जोडल्यावर? रिव्हर्स टाकल्यावर? पाऊस पडून गेल्यावर? या 'कधी'मध्ये अर्ध्याहून जास्त निदान असतं. ते करायला वर्कशॉप लागत नाही. उलट रोज गाडी चालवणाऱ्या माणसाइतकं ते दुसऱ्या कुणालाच जमणार नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही ठेवावी आणि स्क्रीन अडली की गाडी थांबल्यावर चार गोष्टी टिपाव्यात: वेळ, हवा, काय काय जोडलेलं होतं, आणि अडण्याच्या आधी कशाला हात लावला होता. आठवड्याभरात नोंदींमधून काहीतरी डोकं वर काढतंच.

आधी यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. डॅशबोर्डवर दिसते ती नुसती काच आणि तिच्यामागचा डिस्प्ले. खरं काम करणारा डबा तिच्या पाठीमागे असतो, काही गाड्यांत तर तो डॅशबोर्डच्या आत दुसरीकडेच बसवलेला असतो. त्याला हेड युनिट म्हणतात. प्रोसेसर, रॅम, मोबाइलमध्ये असते तशी फ्लॅश मेमरी, रेडिओचा ट्यूनर, ब्लूटूथ, वायफाय आणि स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, असा तो पुरता संगणक आहे. फरक इतकाच, की टेबलावरच्या संगणकाला मिळते तशी स्थिर वीज आणि बेताची हवा त्याच्या नशिबी नसते.

या डब्याला वीज दोन वाटांनी मिळते. एक वायर थेट बॅटरीकडून येते आणि चावी काढली तरी जिवंत राहते. घड्याळ, रेडिओ स्टेशनं, जोडलेल्या फोनची यादी हे सगळं तिच्या भरवशावर टिकतं. दुसरी वायर चावी फिरवल्यावर जिवंत होते. "आता जागा हो" हा निरोप ती देते. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत पहिली बहुधा पिवळी आणि दुसरी लाल असते, आणि अर्थिंगची काळी. एवढं माहीत असलं तरी काही तक्रारी जागच्या जागी उलगडतात. गाडी बंद केली की प्रत्येक वेळी घड्याळ आणि स्टेशनं पुसली जात असतील, तर पिवळ्या वाटेने वीज पोचत नाही: फ्यूज उडालाय, जोड सैल आहे, किंवा बसवणाऱ्याने पिवळी आणि लाल यांची अदलाबदल केली आहे. याच्या उलट, चावी काढूनही स्क्रीन बंद होत नसेल आणि दोन दिवस उभी राहिली की गाडी स्टार्टच घेत नसेल, तर लाल वायर कायम जिवंत असलेल्या ठिकाणी जोडलेली असण्याची शक्यता मोठी. दोन्ही चुका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात घाईघाईने बसवलेल्या युनिटमध्ये फार दिसतात. नवीन युनिट घेणार असाल तर मूळ वायरिंग कापू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे मूळ प्लगला जुळणारी तयार जोडणी, मिळतो. तो थोडा महाग पडला तरी मूळ वायरिंग शाबूत राहतं, आणि पुढे वॉरंटीवरून वाद होण्याचं एक कारण कमी होतं.

चावी बंद केली म्हणजे स्क्रीन बंद झाली?

इथे बहुतेक जण फसतात. "मी गाडी बंद करून परत चालू केली, तरी सुधारली नाही" असं आपण म्हणतो, पण त्या वेळात आतला संगणक खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो. अनेक गाड्यांत चावी काढली तरी दार उघडेपर्यंत स्क्रीन चालूच राहते. दार उघडून गाडी लॉक केल्यावरही पुष्कळ नवी युनिटं नुसती झोपतात. रॅममधला मजकूर तसाच धरून ठेवतात, म्हणजे पुन्हा चावी फिरवली की स्क्रीन झटकन येते.

या घाईला कारण आहे. अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे असा तिथला नियम आहे. संगणक शून्यापासून सुरू करायचा तर एवढ्या वेळात ते जमणं कठीण, म्हणून त्याला झोपेतून उठवणं सोयीचं पडतं. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्ती आहे ती मागच्या पार्किंग सेन्सरची. पण जगभरच्या बाजारांसाठी बनलेली युनिटं आपल्या गाड्यांतही येतात आणि त्यांच्या सवयी त्यांच्याबरोबर येतात. परिणाम असा की एखादा बिघडलेला प्रोग्राम रॅममध्ये दिवसेंदिवस तसाच पडून राहतो. आपण मात्र रोज दोनदा 'रीस्टार्ट' केल्याच्या समजुतीत असतो.

खरा रीस्टार्ट देण्याची सर्वांत साधी युक्ती म्हणजे पॉवर किंवा आवाजाचं बटण दाबून धरणं. काही गाड्यांत तीन-चार सेकंद पुरतात, काहींत दहा-पंधरा लागतात. स्क्रीन काळी होऊन कंपनीचं चिन्ह उमटेपर्यंत बोट काढायचं नाही. टेस्लामध्ये स्टिअरिंगवरची दोन्ही छोटी फिरती चाकं एकदम दाबून धरतात. फोर्डच्या सिंक ३ मध्ये पॉवरचं बटण आणि गाणं पुढे नेणारं बटण दोन्ही मिळून दहा सेकंद. तुमच्या गाडीची नेमकी रीत मालकाच्या पुस्तिकेत असते. बटण नसलेली, नुसत्या काचेची स्क्रीन असेल तर सेटिंग्जमध्ये रीस्टार्टचा पर्याय शोधा. या रीस्टार्टने तुमची गाणी, स्टेशनं, फोन काहीही जात नाही. 'फॅक्टरी रीसेट' वेगळा. तो सगळं पुसतो आणि तो शेवटच्या पायऱ्यांपैकी एक ठेवावा.

बटणाने भागलं नाही तर फ्यूज. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. त्यात रेडिओ किंवा ऑडिओ असं लिहिलेला फ्यूज गाडी पूर्ण बंद असताना चिमट्याने काढायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, परत बसवायचा. काढलाच आहे तर उजेडात धरून आतली तार अखंड आहे का पाहा. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीही घालू नये. फ्यूज तिथे वायरिंग जळू नये म्हणून असतो, आणि डॅशबोर्डमागची आग कुणाच्या हातात राहत नाही.

बॅटरीची वायर काढणं हा त्याच्याही पुढचा उपाय. दहा नंबरचा पाना, आधी निगेटिव्ह काढायची, लावताना ती शेवटी. मधे पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. त्यानंतर घड्याळ लावावं लागेल, ऑटो काच पुन्हा शिकवावी लागेल, एक-दोन दिवे थोडा वेळ पेटतील. काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो, तो हाताशी असल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा प्रयोग घरी करूच नये. आणि कुठल्याही गाडीत डॅशबोर्डखाली दिसणाऱ्या पिवळ्या कनेक्टरना आणि नारिंगी वायरना हात लावायचा नाही. पिवळे बहुधा एअरबॅगचे असतात, नारिंगी उच्च दाबाच्या.

सकाळची तक्रार बॅटरीची

तुमच्या वहीत 'सकाळी', 'पहिल्या स्टार्टला', 'सोमवारी' हे शब्द वारंवार येत असतील, तर स्क्रीनचा विचार बाजूला ठेवा आणि बॉनेट उघडा. सेल्फ मारल्यावर स्टार्टर मोटर शंभरावर अँपिअर ओढते आणि बॅटरीचा दाब क्षणभर कोसळतो. चांगल्या बॅटरीतही तो दहा व्होल्टच्या आसपास उतरतो; थकलेल्या बॅटरीत नऊच्या खाली जातो. इंजिन तरीही सुरू होतं, म्हणून आपल्याला बॅटरीवर संशय येत नाही. पण नेमक्या त्याच क्षणी जागा होऊ पाहणारा संगणक अर्धवट विजेवर धडपडतो. मग चिन्हावरच अडकणं, आवाज नसणं, ब्लूटूथ गायब होणं, टच न चालणं असे नाना प्रकार होतात. बॅटरी स्टार्टला दगा देण्याच्या कितीतरी आठवडे आधी स्क्रीन तक्रार करू लागते. सेल्फ मारताना स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येत असेल तर मात्र घाबरू नका. चावीच्या अनेक गाड्यांत त्या क्षणी बाकीची वीज मुद्दाम तोडलेली असते.

काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर इथे फार मोलाचा आहे. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. गावातला इलेक्ट्रिशियनही उसना देईल. रात्रभर उभ्या गाडीच्या टर्मिनलवर सकाळी, दार उघडून दिवे लागण्याआधी दाब मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे तिची अवस्था वाईट आहे किंवा रात्रभर कुणीतरी वीज खातंय. मग इंजिन चालू करून मोजा: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दाब हवा. तेवढा नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघायला हवा. नव्या काही गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा मोजा.

रात्री वीज खाणाऱ्यांत सध्या पहिला संशयित डॅशकॅम. पार्किंगमध्येही चित्रण करणारा डॅशकॅम थेट बॅटरीला जोडलेला असेल आणि गाडी रोज जेमतेम तीन-चार किलोमीटर, तीही ट्रॅफिकमध्ये, चालत असेल, तर बॅटरी कधी भरतच नाही. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूडही दाब खाते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने साफ करावी, कोरडी करावी, टर्मिनल घट्ट आवळावं. स्क्रीन बदलण्याचं ठरलेल्या कितीतरी गाड्यांना एवढ्यावर आराम पडतो.

फोनचं दुखणं गाडीच्या माथी

अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले २०१४ मध्ये जाहीर झाले, आणि तेव्हापासून गाडीच्या स्क्रीनवर जे दिसतं त्यातलं पुष्कळसं गाडीचं राहिलंच नाही. नकाशा, गाणी, निरोप हे सगळं फोनवर चालतं. फोन त्याचं चालतं चित्र गाडीकडे पाठवतो, आणि स्क्रीनवर जिथे बोट पडेल ती जागा गाडी फोनला कळवते. म्हणून नकाशा गोठला तर सर्वांत आधी हे पाहा: गाडीचा स्वतःचा मेनू, रेडिओ, सेटिंग्ज चालतात का? चालत असतील तर गाडी ठणठणीत आहे. दुखणं फोनमध्ये किंवा दोघांच्या मधल्या दुव्यात आहे. घरातला दुसरा फोन जोडून बघितला की हेही स्पष्ट होतं. या एका चाचणीसाठी दोन मिनिटं लागतात, आणि ती न करता लोक हेड युनिट उघडायला लावतात याचं मला वाईट वाटतं.

वायरने जोडत असाल तर केबल बदला, आणि बदलताना चांगली घ्या. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या काही केबल्समध्ये माहितीच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो, म्हणून केबल चांगली आहे असं आपण धरून चालतो. काहींत त्या असतात, पण गिअरच्या खाचेत वळून वळून आतून तुटत आलेल्या असतात. खड्ड्यात गाडी आदळली की कारप्ले तुटतो, हे या केबलचं ओळखीचं लक्षण. एक मीटरपेक्षा लांब केबल वापरू नये, मध्ये हब किंवा जोडवायर नको. फोनच्या चार्जिंगच्या भोकात खिशातला कापूस दाबून बसलेला असतो, तो लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढावा. धातूची पिन घालू नये. गाडीत दोन-तीन यूएसबी पोर्ट असतील तर त्यांतला बहुधा एकच माहितीचा असतो, बाकीचे नुसते चार्जिंगचे.

बिनवायरीचं प्रकरण थोडं नाजूक आहे. जोडणी सुरू करून देतं ब्लूटूथ, पण चित्र जातं वायफायवरून, बहुतेक वेळा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. दोन्हींपैकी एकही अडलं तरी सगळं अडतं. फोनचा हॉटस्पॉट चालू आहे, फोनवर व्हीपीएन आहे, किंवा पार्किंगमध्ये घरचं वायफाय अजून पोचतंय आणि फोन ते सोडायला तयार नाही, अशा वेळी पहिली पाच मिनिटं जोडणी होत नाही आणि सोसायटीच्या गेटबाहेर पडल्यावर आपोआप होते. हे लक्षण वहीत सापडलं तर उपाय तुमच्या हातात आहे. काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स बंद करतात. अँड्रॉइड ऑटोला त्या नियमातून सूट द्यावी. आणि जोडणी पुन्हा करायची तर दोन्हीकडून पुसून: गाडीच्या यादीतून फोन, फोनच्या यादीतून गाडी. एकाच बाजूने पुसलं की जुनी ओळख दुसरीकडे शिल्लक राहते आणि दोघांचा मेळ बसत नाही.

पेनड्राइव्हलाही इथेच गाठू. सिस्टीम पुन्हा पुन्हा स्वतःहून रीस्टार्ट होत असेल तर सगळ्यात आधी लावलेले पेनड्राइव्ह, केबल, वायरलेस डोंगल असं सगळं उपटून ठेवा आणि दिवसभर नुसती वापरा. बिघडलेली एखादी फाइल वाचताना प्रोग्राम कोसळतो, उठतो, पुन्हा तीच फाइल वाचतो, पुन्हा कोसळतो. दुकानातून आणलेला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह बऱ्याचदा एक्सफॅट पद्धतीचा असतो. जुन्या अनेक युनिटांना फॅट३२ च कळते. म्हणून ३२ जीबी किंवा त्याहून लहान, फॅट३२ केलेला ड्राइव्ह सगळीकडे चालतो.

एका फाइलने काय होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या सिएटल शहरात घडलं. जानेवारी २०२२ च्या अखेरीस तिथल्या काही माझदा गाड्यांची स्क्रीन एकाएकी सतत रीस्टार्ट होऊ लागली. रेडिओ अडकला तो ९४.९ एफएमवर, केयूओडब्ल्यू या सार्वजनिक केंद्रावर. ब्लूटूथ, नकाशा, मागचा कॅमेरा, काहीच चालेना. सगळ्या गाड्या २०१४ ते २०१७ च्या मॉडेलच्या, आणि सगळ्यांवर तेच स्टेशन लागलेलं. तिथल्या डिजिटल रेडिओवर आवाजाबरोबर छोटी चित्रंही पाठवतात. केंद्राने पाठवलेल्या काही चित्रांच्या फाइलींच्या नावापुढे प्रकार सांगणारी अक्षरंच नव्हती, आणि माझदाचं सॉफ्टवेअर ती वाचताना कोलमडलं. अनेकांना दीड हजार डॉलरच्या घरातला भाग बदलून घेण्याचा सल्ला मिळाला, आणि भागांचा तुटवडा असल्यामुळे तोही लगेच मिळेना. "नेमकं कधी आणि कशावर असताना झालं" हे अनेक गाड्यांबद्दल एकत्र पाहिल्यावरच कोडं सुटलं. एकेकटी गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन ते सुटलं नसतं.

जागा आणि वेळ यांवरून ओळखू येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जीपीएस. १ जानेवारी २०२२ ला जुन्या होंडा आणि अक्युरा गाड्यांची घड्याळं वीस वर्षं मागे, २००२ मध्ये गेली. मालक वेळ लावायचे, गाडी परत मागे न्यायची. जाणकारांनी बोट ठेवलं ते उपग्रहांच्या आठवडे मोजण्याच्या पद्धतीवर: जीपीएसचा मूळ संदेश आठवड्याचा क्रमांक फक्त १०२३ पर्यंत मोजतो आणि मग शून्यावर येतो, ती गुंडाळी सांभाळण्याचं काम गाडीच्या सॉफ्टवेअरचं. ऑगस्ट २०२२ मध्ये बऱ्याच गाड्यांची घड्याळं आपोआप ताळ्यावर आली. अशा वेळी घरी करण्यासारखं काही नसतं, पण हे माहीत असेल तर डिस्प्ले बदलण्याचा खर्च तरी वाचतो. रोजच्या वापरात नकाशावरची गाडी रस्ता सोडून शेतातून पळू लागली तर धातूचा अंश असलेली काचेवरची फिल्म आणि स्वस्त डॅशकॅमचा चार्जर हे दोघे तपासा. चार्जर उपटला की एफएमवरची खरखरही थांबते का बघा. थांबली तर चोर सापडला.

ऊन, पाऊस आणि डिकी

एप्रिल-मेमध्ये नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे तापतो. स्क्रीन मंद होते, टच बोथट होतो, प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तापलेल्या स्क्रीनवर जोरजोरात बोटं मारण्याने काहीच साधत नाही. दहा मिनिटं एसीची हवा लागू द्या आणि मग पाहा. थंड झाल्यावर सगळं नीट होत असेल तर काचेवर पडदा आणि सावलीतलं पार्किंग हेच औषध. फोनचंही तेच: ॲपल आपल्या फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंशांची मर्यादा सांगते, आणि आपण त्याला उन्हात, वायरलेस चार्जिंगच्या तापणाऱ्या चौकटीवर ठेवून त्याच्याकडून बिनवायरीचा नकाशाही चालवून घेतो. मुंबईहून निघालं की लोणावळ्याच्या पुढे कारप्ले तुटतो, असं वहीत दिसलं तर फोन एसीच्या झोताजवळ ठेवून बघा.

कुणी हात न लावता बटणं आपोआप दाबली जाणं, आवाज वाढत जाणं, नको त्या नंबरला फोन लागणं हा अनुभव फार अस्वस्थ करणारा असतो. टच स्क्रीनच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक पदार्थाची बारीक जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारकता बदलते आणि युनिटला जागा कळते. पाण्याचा थेंब, ओलसर बोट, कडेला सुटलेला किंवा जाड स्क्रॅचगार्ड, खराब चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट, यांपैकी कशानेही ही जाळी फसते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने ही तक्रार वाढणं साहजिक आहे. म्हणून क्रम असा: स्क्रॅचगार्ड काढा, मायक्रोफायबर कापडाने कोरडं पुसा, सगळे चार्जर उपटा, आणि बघा. सॅनिटायझर किंवा काच पुसायचं द्रावण थेट स्क्रीनवर फवारू नका. ते कडेच्या फटीतून आत उतरतं. अँड्रॉइडवर चालणाऱ्या बाहेरच्या युनिटमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये बोटाची जागा दाखवणारा पर्याय असतो. तो चालू केला की भुताटकीचा स्पर्श कुठे होतोय ते रेघांनी दिसतं. रोज एकाच पट्ट्यात होत असेल तर काचेखालचा थर सुटला आहे, आणि तिथे घरचा इलाज संपतो. तोपर्यंत गाडी चालवताना त्या स्क्रीनशी झटापट करू नये. बाजूला थांबून ती बंद करावी.

मागच्या कॅमेऱ्याचं चित्र थरथरत असेल किंवा कधी येत, कधी जात असेल, तर हेड युनिटकडे जाण्याआधी डिकीकडे जा. डिकीच्या झाकणात कॅमेरा असतो, आणि त्याच्या वायरी बिजागराजवळच्या रबरी नळीतून गाडीत शिरतात. दर वेळी डिकी उघडली की त्या वाकतात. काही वर्षांनी आतल्या आत तुटतात. तपासायला दोन माणसं हवीत. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी चालू, गिअर रिव्हर्समध्ये. एकाने स्क्रीन बघायची, दुसऱ्याने डिकी सावकाश वर-खाली करायची. चित्र डिकीबरोबर नाचलं की वायर सापडली, आणि ती कुठलाही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन दुरुस्त करून देईल. अर्थात त्याआधी लेन्सवरचा चिखल पुसून बघावा.

जुनी होत जाणारी मेमरी

सुरुवातीला झटपट चालणारी सिस्टीम पाच-सहा वर्षांनी हळूहळू सुस्तावली आणि त्यात वेळ, हवा, फोन असा काहीच धागा लागत नसेल, तर मेमरी थकल्याचा विचार करावा. फ्लॅश मेमरीत ठरावीक वेळाच लिहिता येतं. टेस्लाच्या मॉडेल एस आणि एक्स या गाड्यांत २०१८ च्या सुरुवातीपर्यंत ८ जीबीची मेमरी होती आणि सिस्टीम तिच्यावर सतत नोंदी लिहीत राहायची. मेमरी झिजली की पूर्ण स्क्रीन जायची, आणि तिच्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवण्याची सोयही. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने जानेवारी २०२१ मध्ये कंपनीला पत्र पाठवलं आणि पुढच्याच महिन्यात सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. आपल्या गाडीत घरच्या घरी एवढं करता येतं: नको असलेली ॲप्स, जुने फोन, साठलेले नकाशे काढून जागा मोकळी करणं, मग नोंदी करून ठेवून फॅक्टरी रीसेट. त्याने फरक पडला नाही तर काम तज्ज्ञाचं.

सॉफ्टवेअर अपडेट हा बऱ्याच दुखण्यांवरचा खरा इलाज आहे, पण तो कंपनीच्या अधिकृत मार्गानेच घ्यावा. कुणीतरी पाठवलेली फाइल गाडीत घालणं धोक्याचं आहे, कारण स्क्रीनचा डबा गाडीच्या बाकीच्या यंत्रणांशी बोलत असतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस वालासेक या दोन संशोधकांनी जीप चेरोकीच्या याच डब्यातून शिरून चालत्या गाडीच्या नियंत्रणापर्यंत पोचता येतं हे दाखवलं, आणि फियाट क्रायस्लरला १४ लाख गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली. अधिकृत अपडेट करतानाही बॅटरी भरलेली असू द्या आणि पट्टी शंभर टक्क्यांवर जाईपर्यंत चावीला हात लावू नका. अर्ध्यावर वीज गेली तर युनिट कायमचं मूक होऊ शकतं.

एवढं करूनही तक्रार उरली, तर सर्व्हिस सेंटरला जाताना वहीचं पान, सेटिंग्जमधल्या सॉफ्टवेअर आवृत्तीचा फोटो आणि बिघाड होत असतानाचा व्हिडिओ घेऊन जा. व्हिडिओ शेजारी बसलेल्या माणसाने काढावा. जॉब कार्डवर "सिस्टीम हँग" एवढंच लिहू देऊ नका. "रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला स्क्रीन चिन्हावर अडते, बॅटरी १२.५ व्होल्ट, यूएसबीत काही नसताना, दोन वेगवेगळ्या फोनवर तेच" असं लिहून घ्या, आणि शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथे नेऊन ठेवा, म्हणजे तंत्रज्ञाला सकाळचा तो पहिला स्टार्ट स्वतः करता येईल.